ब्रेक जपले आणि डिस्क गेल्या

गेल्या मंगळवारी गाडी तपासणीत नापास झाली आणि नापास व्हायचं कारण ब्रेक. दुसरं काहीही निघालं असतं तर मला इतकं लागलं नसतं. गाडी शिकवताना बाबांनी एक गोष्ट माझ्याकडून घोटून घेतली होती: ज्या गिअरात घाट चढलास त्याच गिअरात उतर, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. वीस वर्षं मी तशीच गाडी चालवतोय. पुढचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय काढतो. माझे ब्रेक लायनर इतरांपेक्षा जास्त टिकतात याचा मला अभिमान होता, अजूनही आहे.

इथे जर्मनीत नवी गाडी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी तपासून घ्यावी लागते. हाउप्टउंटरझूखुंग असं तिचं लांबलचक नाव. पास झाली की मागच्या नंबरप्लेटवर गोल रंगीत स्टिकर मिळतो. माझ्या कागदावर 'एरहेब्लिखे मेंगेल' असा शेरा आला, म्हणजे गंभीर दोष. स्टिकर नाही, महिन्याभरात दुरुस्ती करून पुन्हा आणा. खाली लिहिलं होतं: मागच्या दोन्ही डिस्क, ट्रागबिल्ड सदोष. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी, ब्रेक दाबला की लायनर तिला आवळतात; ट्रागबिल्ड म्हणजे लायनर डिस्कला जिथे जिथे टेकतो त्याचा ठसा. ड्रायव्हिंग लायसन्सच्या परीक्षेला बसतानाही हा शब्द मला भेटला नव्हता.

मी वाद घातला. माझ्या गाडीची मागची डिस्क नवी असताना 10 मिलिमीटर जाड असते आणि 8 ही तिची किमान मर्यादा, ती डिस्कवरच कोरलेली असते. मी घरी व्हर्नियर लावून बघितलं होतं, 9.6 भरली होती. एवढा जीव शिल्लक असलेली डिस्क का फेकायची? तपासनीसाने शांतपणे ऐकून घेतलं, गाडीखालच्या खड्ड्यात उतरायला सांगितलं आणि टॉर्च माझ्याच हातात दिला. बाहेरून, अलॉय व्हीलच्या फटींतून जी डिस्क चकचकीत दिसत होती तिची आतली बाजू तपकिरी झाली होती. मध्ये दोन बोटं रुंद पट्टा तेवढा चमकत होता, बाकी सगळीकडे गंजाचे खड्डे आणि खपल्या. मी पुढे काही बोललो नाही.

 डिस्क बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते. बीड उष्णता चांगली घेतं, थरथर जिरवतं, स्वस्त पडतं, पण उघडं राहिलं की गंजतं. पावसात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी काढली की पहिल्या दोन-तीन ब्रेकांना जो खरखर आवाज येतो तो हाच वरवरचा गंज, लायनर तो खरवडून टाकतो. डिस्क स्वच्छ ठेवण्याचं काम ब्रेकच करतो, दुसरं कोणी करत नाही. त्यात ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि साधारण सत्तर टक्के काम पुढच्या चाकांवर जातं. हळुवार चालवणाऱ्याच्या मागच्या डिस्कवर लायनर जेमतेम टेकतो. हिवाळाभर इथे रस्त्यावर मीठ टाकतात आणि मी ऑफिसला ट्रेनने जातो, म्हणजे गाडी खारट चिखल अंगावर घेऊन पाच-पाच दिवस उभी. वरवरचा गंज खरवडला गेला नाही की तो आत उतरतो, मग लायनर त्याच्यावरून नुसता घसरतो. इलेक्ट्रिक गाड्यांचंही हेच होतं, कारण त्यांत वेग कमी करायचं बरंचसं काम मोटरच करते.

म्हणजे डिस्क दोन तऱ्हांनी जाते, वापरून आणि न वापरून. मला पहिलीच ठाऊक होती.

बाबा चुकीचं शिकवत नव्हते, हे मात्र मला ठासून सांगायचंय. 1,400 किलोची गाडी ताशी 100 वरून थांबवली की सुमारे 540 किलोज्यूल ऊर्जा डिस्कमध्ये उष्णता होऊन शिरते, दीड लिटर गार पाणी उकळेल एवढी. हे एका ब्रेकचं झालं. घाटात अर्धा तास पाय ठेवून उतरलात तर लायनर तापून पकड सोडतो, ब्रेक ऑइलात बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. त्या रस्त्यांसाठी तो नियम सोळा आणे खरा आहे. इकडच्या सपाट, खारट रस्त्यांसाठी तो अपुरा पडला, एवढंच.

आपल्याकडे खासगी गाडीला पंधरा वर्षं अशी तपासणी नाही, पीयूसी काढली की झालं, हे ऐकून इथले लोक भुवया उंचावतात. मला राग येतो. आपल्याकडचा चांगला मेकॅनिक गाडी गेटातून आत येतानाच आवाजावरून सांगतो की कुठल्या चाकाचा लायनर संपलाय. डिस्कवर खाचा पडल्या तर लेथवर फेसिंग मारून, म्हणजे वरचा थर घासून सपाट करून आणतो, टाकून देत नाही. इथे गॅरेजमध्ये फेसिंगचं नाव काढलं तर थेट नव्या डिस्कचं कोटेशन हातात देतात. तरीही, चाकाची आतली बाजू टॉर्चने बघायची सक्ती कोणीतरी माझ्यावर केली म्हणून मला ती दिसली, हे नाकारता येत नाही.

दुरुस्ती स्वतः करायचं ठरवलं. रस्त्यावर गाडी उघडून बसणं इथे चालत नाही, पण 'मीटवेर्कश्टाट' नावाची सोय आहे: तासावर भाड्याने लिफ्ट आणि हत्यारं मिळणारं गॅरेज. ही सोय मला फार आवडली. शेजारच्या लिफ्टवर एक आजोबा आपल्या जुन्या गाडीचा सायलेन्सर बदलत होते. डिस्क धरून ठेवणारा छोटा स्क्रू गंजून बसला होता, मी जोर लावला आणि त्याचं डोकं झिजायला लागलं. आजोबा न बोलावता आले, 'लांगझाम' म्हणजे सावकाश म्हणाले, स्क्रूवर पान्याचा बिट ठेवून हातोडीचे दोन ठोके दिले आणि तो सुटला. डिस्क हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, चिकटली होती. हँडब्रेक सोडलाय ना हे त्यांनी आधी विचारलं, मग फिरवत फिरवत कडेवर ठोकायला लावलं. निघाली.

जुनी डिस्क त्यांनी हातात घेऊन मला माझ्या मापातली चूक दाखवली. कडेला लायनर पोचत नाही तिथे एक उंच कंगोरा राहतो, माझा व्हर्नियर त्याच्यावर बसला होता. मायक्रोमीटरने आत मोजलं तर 9.2. मर्यादेच्या आतच, पण 9.6 नव्हे.

नवी डिस्क बसवण्याआधी हबचा गंज तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत काढावा लागतो, यावर त्यांनी अर्धा तास घालवला आणि मी तो आनंदाने दिला. हबवर गंजाची एक खपली राहिली तरी डिस्क किंचित तिरकी बसते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावा इतका तो तिरकेपणा, पण दर फेरीला एकच जागा लायनरला घासते, काही हजार किलोमीटरमध्ये डिस्क कमी-जास्त जाड होते आणि ब्रेक दाबला की थरथर सुरू. आपण म्हणतो 'डिस्क वाकली'. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, बसवणाऱ्याने हब पुसलेला नसतो.

बाकी काम पटकन झालं. कॅलिपर, म्हणजे लायनर डिस्कवर दाबणारा भाग, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू न देता तारेने टांगला, स्लायडिंग पिना साफ करून ग्रीस केल्या, मागचा पिस्टन दाबत दाबत फिरवून आत घातला (नुसता दाबला तर आत जात नाही, त्यात हँडब्रेकची यंत्रणा असते), डिस्कवरचं संरक्षक तेल ब्रेक क्लीनरने पुसलं. दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि लायनर एकदमच नवे. चाकाचे बोल्ट माझ्या गाडीला 120 न्यूटन मीटर लागतात, ते टॉर्क पान्याने समोरासमोरचे आवळले. आजोबांना कॉफीचं विचारलं, त्यांनी हात हलवून नको म्हटलं आणि पुन्हा सायलेन्सरखाली गेले.

शुक्रवारी स्टिकर मिळाला. संध्याकाळी बाबांना फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, "मग आता आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर चार ब्रेक जोरात मारत जा. मागे कोणी नाही ना, ते आरशात बघून." तपासनीसानेही नेमकं हेच सांगितलं होतं.

पण पहिले दोनशे किलोमीटर जोरात ब्रेक नाही, नवे लायनर आणि डिस्क एकमेकांवर बसायला हव्यात. आणि पन्नास किलोमीटर झाले की बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासायचेत. आज सेहेचाळीस झाले.