आईची पावडर, थायरॉइडची गोळी आणि मधले चार तास

आईला स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करायला सहसा आधी देतात ती गोळी, सोसलं नाही. दोन वेगवेगळी देऊन बघितली, दोन्हीवेळी मांड्या आणि पोटऱ्या इतक्या दुखायच्या की जिना चढताना मधे थांबायची. मग डॉक्टरांनी इझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचंच दुसरं औषध दिलं, त्याने थोडा फरक पडला पण एलडीएल ("वाईट" कोलेस्टेरॉल) १६८ च्या खाली येईना, तेव्हा त्यांनी जोडीला कोलेस्टिरामाइनची पावडर लिहून दिली.

आईचा पहिलाच प्रश्न होता, हे पोटात जाणार, मग रक्तातलं कोलेस्टेरॉल कसं कमी करणार गं? आणि प्रश्न अगदी बरोबर होता, कारण ही पावडर रक्तात जातच नाही, आतड्यात काम करते आणि शौचावाटे बाहेर पडते.

होतं काय, की आपलं लिव्हर कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं तयार करतं. (आपण "पित्त झालंय" म्हणतो ती ॲसिडिटी, तिचा इथे काही संबंध नाही, हे मला आईला तीनदा सांगावं लागलं.) ही पित्ताम्लं पित्ताशयातून आतड्यात येतात, तेलातुपाचं पचन करतात आणि काम झालं की त्यातली जवळजवळ ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून परत लिव्हरकडे जातात, म्हणजे तोच माल पुन्हा पुन्हा वापरला जातो. पावडर आतड्यात त्यांना धरून ठेवते आणि परत जाऊ देत नाही. मग लिव्हरला नवीन पित्ताम्लं बनवावी लागतात, त्यासाठी कोलेस्टेरॉल लागतं, म्हणून ते स्वतःच्या पेशींवर एलडीएलचे रिसेप्टर (एलडीएल पकडणाऱ्या जागा) वाढवतं आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. मला तर हे वाचून फार भारी वाटलं, शरीराच्याच काटकसरीला अडवून शरीराकडूनच काम करून घ्यायचं!

औषध जुनं आहे. १९८४ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले, त्यात ३,८०६ पुरुष होते, सरासरी ७.४ वर्षं बघितलं, आणि हे औषध घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून १९ टक्क्यांनी कमी झाले. त्यानंतर १९८७ मध्ये पहिलं स्टॅटिन बाजारात आलं आणि ही पावडर मागे पडली. पण स्टॅटिन चालत नाही किंवा एकट्याने पुरत नाही अशांना आजही देतात, आणि रक्तात शोषलं जात नाही म्हणून गरोदरपणात औषध द्यायचीच वेळ आली तर डॉक्टर याचा विचार करतात.

आता आमची चूक सांगते. आई सकाळी उठल्या उठल्या थायरॉइडची गोळी घेते आणि आम्ही पावडर तासाभराने नाश्त्याबरोबर सुरू केली. दोन महिन्यांनी एलडीएल १३४ वर आलं, आम्ही खूश, पण आई सारखी थकलेली, केस गळतायत, आणि टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की वाढतो तो रक्तातला आकडा) २.८ वरून थेट ९ वर! पावडर पित्ताम्लांसारखीच थायरॉइडच्या औषधालाही पकडते, म्हणजे गोळी पोटात जात होती पण अंगाला लागतच नव्हती. दोन्हीत किमान चार तास अंतर हवं होतं, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. बाकीची औषधं पावडरच्या निदान एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्यायची असतात. रक्त पातळ करणारं वॉरफरिन किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर हे डॉक्टरांना आधीच विचारा, प्लीज.

बद्धकोष्ठ होतंच, पोट फुगतं, गॅस होतात, म्हणून अर्ध्या डोसने सुरू करून हळूहळू वाढवलं आणि पाणी वाढवलं. पावडर कोरडी कधीच गिळायची नाही, घशात अडकू शकते, पाण्यात किंवा ज्यूसमध्ये नीट ढवळून घ्यायची आणि तोंडात धरून ठेवायची नाही, दातांना त्रास होतो. ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी) आधीच खूप वाढलेली असतील तर हे औषध नको, कारण ती अजून वाढतात. बरेच दिवस घेतलं तर ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं कमी पडू शकतात, तेही तपासून घ्यायचं.

आता गोळी सहाला आणि पावडर दुपारी जेवताना. टीएसएच ३.१ झालंय, एलडीएल १३० च्या आसपास आहे, आणि परवा आई जिना एका दमात चढून वर आली.