लॉनचा ईशान्य कोपरा: खडी काढतेय, आराखडाही बदलतोय

मंडळी, मे महिन्यात आखलेल्या लॉनचा ईशान्य कोपरा गेला. जुलैच्या झडीत तिथली सिलेक्शन वन (लॉनच्या गवताची जात) आधी पिवळी पडली, मग उपटल्यावर मुळांना कुजका वास यायला लागला. 30 बाय 20 फुटांत एवढाच तुकडा, पण दिवाणखान्याच्या खिडकीतून नेमका तोच दिसतो.

तयारी तुम्हाला आठवत असेल: खाली पुण्याची चिकट काळी माती, तिच्यावर निचऱ्यासाठी दोन इंच बारीक खडी म्हणजे एक ब्रास (100 घनफूट), आणि वर चार इंच लाल माती, दोन ब्रास. हा खडीचा थरच घात करतोय, हे आता माझ्या लक्षात आलंय.

मध्यंतरी उघडीप होती. खुरप्यानं कापून पाहिलं तर वरची लाल माती पिळली तर पाणी गळेल अशी, आणि तिच्याखालची खडी जेमतेम ओलसर! बारीक मातीच्या कणांमध्ये पाणी घट्ट धरलेलं असतं. खडीतल्या मोठ्या पोकळ्यांत ते सहजासहजी उतरत नाही, माती पुरती भिजून तुडुंब झाली की मगच खाली जातं. म्हणजे निचऱ्यासाठी घातलेला थर उलट पाणी वर अडवून ठेवतो. मोठ्या पावसात जे खाली उतरतं ते काळ्या मातीवरून घसरत थेट ईशान्येला. काळ्या मातीत फूटभर खड्डा करून संध्याकाळी पाणी भरलं होतं, सकाळपर्यंत दोनच इंच उतरलं.

शिवाय उतार. 30 फुटांत साडेतीन इंच ठेवला होता, पण गवंड्याची पाण्याची नळी लावून मोजलं तर माती बसून कोपरा भिंतीतल्या, पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपच्या तोंडापेक्षा दोन इंच खाली गेलाय. मोबाइलवरच्या लेव्हलवर विसंबू नका. पारदर्शक नळी घ्या, आत हवेचे बुडबुडे नसले तर ती फसवत नाही.

आता आनंदाची गोष्ट! वरच्या अंगाला, शेजारच्या खडीतलं पाणी वाहून येणार नाही अशा जागी, 3 बाय 3 फुटांतली खडी काढली. वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती खणण्याजोगी सुकेपर्यंत, चार दिवस थांबले (ओली काळी माती खणली तर ढेकळं विटेसारखी होतात), मग फोर्कनं खालची माती सैल करून तिच्यात मुरलेलं शेणखत आणि वरची लाल माती कालवली. सोमवारच्या सरीनंतर त्या तुकड्यावरचं पाणी तीन तासांत जिरलं. बाजूला दुसऱ्या दिवशीही पचपच. मी दोनदा अनवाणी चालून खात्री केली.

लाल मातीबद्दल मात्र राग आहे. ‘चाळलेली’ म्हणून घेतली आणि तिच्यासोबत लव्हाळा आला. वरून कापून उपयोग नाही, गाठीसकट काढावा लागतो. पुढच्या वेळी ट्रॉली रिकामी करण्याआधी दोन घमेली पसरून बघणार.

सगळी खडी काढायची असं ठरवून हे लिहायला बसले होते. पण मघाशी माळीकाका कोपऱ्याकडे बघून म्हणाले, “ताई, पाणी इथंच यायचं म्हणतंय तर अळू टाका की.” आणि खरंच, आपल्याकडे न्हाणीच्या पाण्यावर अळू, कर्दळ, केळ पिढ्यान्‌पिढ्या वाढतात. मग तिथे लॉनचा हट्ट कशाला? कोपऱ्यातला 12 बाय 8 फुटांचा भाग लॉनमधून वगळते. पुढे अळू, मागे कर्दळ आणि सोनटक्का. फाटकाजवळ आखलेला तामणही इकडेच आणावा का? कोकणात तो ओढ्याकाठी छान वाढतो, त्यामुळे ओल त्याला सोसेल. फक्त भिंतीपासून दहा फूट सोडायला हवेत, म्हणजे लॉनची कड आणखी आत वळवावी लागेल. आज दोरी टाकून बघते.

वरच्या भागातली खडी काढायचीच आहे, पण आज पुन्हा भरून आलंय. वाफशाची वाट बघतेय. तोवर कुणाकडे सोनटक्क्याचे कंद जास्तीचे असतील तर सांगा, बदल्यात कर्दळीचे देते.