सहा फुटी फिशटँकसाठी लोखंडी स्टँड: वजन, वाक आणि खारी हवा

गोव्यात मोरजीच्या घरात ठेवायची टाकी सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. म्हणजे १८३० × ६१० × ६१० मिमी. काच १२ मिमीची, फॅब्रिकेटरच्या भाषेत चार सुताची. आत काळुंदर मासे, पाणी मचूळ. पाईप विकत घ्यायच्या आधी वजनाचा हिशेब मांडला, कारण पाईप कुठला, पाय किती आणि टाकी घरात कुठे, या तिन्हींची उत्तरं त्यातूनच निघतात.

काचेचं वजन चौरस मीटरला दर मिमी जाडीमागे अडीच किलो, म्हणजे १२ मिमीला ३० किलो. तळ आणि चार भिंती मिळून ४.१ चौरस मीटर. वरच्या आडव्या पट्ट्या धरून काच १३० किलोच्या आसपास. पाणी ५५० मिमी उंचीपर्यंत भरायचं तर आतली जागा ५८० लिटर. वाळू आणि दगड त्यातली थोडी खातात, म्हणून पाणी ५३५. पाच सेंटीमीटर वाळू ८५ किलो, दगड ४० किलो, टाकीखालचा प्लाय १५ किलो. बेरीज आठशेच्या थोडी वर जाते, मी हिशेबाला ८५० धरले. खालच्या संपचं (स्टँडच्या आत ठेवायच्या, पाणी गाळणाऱ्या छोट्या टाकीचं) पाणी आणि स्टँडचं स्वतःचं वजन मिळवलं की जमिनीवर सुमारे एक टन येतो.

हा टन सव्वा चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर उभा राहतो, चौरस मीटरला साधारण ९०० किलो. राहत्या घराच्या स्लॅबचा वापराचा भार चौरस मीटरला २०० किलो धरून डिझाइन केलेला असतो. पहिल्या मजल्यावर अशी टाकी ठेवायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पाईपसुद्धा आणू नये. जुन्या गोंयकार घरांतल्या लाकडी माळ्यावर तर विचारही नको. तळमजल्यावरही फरशी ठोकून पाहावी लागते. टाईल पोकळ वाजली तर तिच्याखाली सिमेंट पोचलेलं नाही, आणि ती नेमकी पायाखाली आली की तडकणार. माझ्या जागेत दोन टाईल पोकळ निघाल्या. त्या उखडून खाली काँक्रीट भरून पुन्हा बसवल्या.

चिऱ्यांचा ओटा बांधून त्यावर कडप्पा घालायचा हा आपल्याकडचा जुना उपाय चांगलाच आहे, गंजायचा प्रश्नच नाही. पण खाली संप ठेवायचा तर जागा मोकळी लागते, म्हणून लोखंड.

पाईप दोन इंची चौकोनी, ५० × ५०, जाडी ३ मिमी, साधं एमएस (माइल्ड स्टील). अशा पाईपचा एक पाय सरळ दाबाखाली दहा टनांच्या वर पेलतो. त्यामुळे स्टँड मोडेल का, हा प्रश्न जवळजवळ निकालात निघतो. खरा प्रश्न वाकण्याचा. चार कोपऱ्यांत चारच पाय दिले तर समोरची सहा फुटी दांडी ४२५ किलोखाली मधोमध ८ मिमी वाकते. लोखंडाला त्याचं काहीच वाटत नाही, ते परत सरळ होईल. काच मात्र वाकत नाही. तळाची काच मध्ये अधांतरी राहते आणि ताण सिलिकॉनच्या सांध्यांवर जातो.

मध्ये एक पाय दिला की चित्रच बदलतं. अंतर निम्मं केलं की वाक सोळाव्या हिश्श्यावर येतो, आणि दांडी मधल्या पायावरून अखंड जात असेल तर त्याहूनही कमी. माझ्या हिशेबात पाव मिमीच्या आसपास आला. मधला पाय नकोच असेल तर १०० × ५० चा पाईप उभा घालावा लागतो आणि तरीही वाक दीड मिमीच्या आसपास राहतो. म्हणून पाय सहा. एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही: भार सहा पायांत सारखा वाटला जात नाही. अखंड दांडीत मधला पाय पाच अष्टमांश वजन घेतो. ४२५ पैकी २६५ किलो त्याच्यावर आणि कोपऱ्यातल्या पायांवर जेमतेम ऐंशी-ऐंशी. फरशी सगळ्यात भक्कम हवी ती मधल्या पायांखाली.

पाईप म्हापशाहून आणले. दुकानात ‘दोन इंची’ एवढंच सांगितलं तर १.६ किंवा २ मिमी जाडीचाही मिळतो, आणि नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. सहा मीटरची एक लांबी ३ मिमीत साडेपंचवीस किलो भरते, २ मिमीत साडेसतरा. काट्यावर ठेवून घ्यावी, किंवा कापलेल्या तोंडाला व्हर्नियर लावावा.

तीन लांब्या पुरतात, पण कापणी आधी कागदावर करायची. लागणारे तुकडे असे: वरच्या आणि खालच्या चौकटीच्या लांब दांड्या १८३० च्या चार, आडवे तुकडे ५१० चे आठ (चार टोकांना, तीन टाकीखाली, एक तळाला), पाय ६६० चे सहा. पहिल्या लांबीतून तीन लांब दांड्या काढल्या की ५१० मिमी उरतात आणि वाटतं, आडवा तुकडाही निघाला. निघत नाही. डिस्क दर कापाला ३ मिमी खाते, हाती पाचशेचा तुकडा राहतो. तो बाजूला ठेवला. दुसऱ्या लांबीतून चौथी दांडी आणि सहाही पाय, तिसरीतून आठ आडवे. सहाही पाय एकाच लांबीतून, एकाच स्टॉपरला टेकवून कापले, कारण पायांची उंची सारखी येणं हे या कामात सगळ्यात महत्त्वाचं आहे.

जोडणीचा नियम एकच पाळला: वजन लोखंडावरून लोखंडावर उतरलं पाहिजे, वेल्डवर लटकता कामा नये. लांब दांडी पायाच्या डोक्यावर बसते, पाय खालच्या दांडीवर बसतो. वेल्ड फक्त त्यांना जागेवर धरतं. पाय उभा अखंड ठेवून दांड्या त्याच्या बाजूला चिकटवल्या तर सगळा भार वेल्डवर येतो आणि त्याला कापू पाहतो. टेबलासाठी तसं चालतं, इथे नको.

आधी दोन चौकटी सपाट जमिनीवर टॅक (वेल्डचे छोटे तात्पुरते ठिपके) मारून घेतल्या. गुण्या कोपऱ्याला लावला तरी सहा फुटांत चूक वाढत जाते, म्हणून कर्ण मोजायचे: दोन्ही १९२९ मिमी. एक जरी दोन मिमी जास्त आला तर हातोडीच्या टोल्याने सरळ करायचा, तोवर पुरं वेल्ड मारायचं नाही. मग २.५ मिमीचा ६०१३ नंबरचा वेल्डिंग रॉड, ७५ ते ८५ अँपिअर. एका कोपऱ्याचं सगळं वेल्ड सलग मारलं की थंड होताना चौकट त्या बाजूला ओढली जाते. म्हणून एका कोपऱ्याची एक बाजू, मग समोरच्या कोपऱ्याची, असं फिरत राहायचं.

आपल्या हवेत रॉडचं उघडं पाकीट ओलावा धरतं. मग ठिणग्या उडतात आणि वेल्डमध्ये बारीक भोकं राहतात. रॉड तासभर शंभर-एकशेदहा अंशांवर तापवून घेतले. चौकोनी पाईपचे कोपरे गोलसर असल्यामुळे ५० वर ५० चा सांधा जिथे बाजूला सपाट येतो तिथे खोबण राहते, ती जास्तीचा रॉड घालून भरावी लागते. सांधे चारी बाजूंनी सलग बंद करायचे, तुटक टाके नकोत. टाक्यांमधल्या फटीतून खारी हवा आत शिरते आणि पाईप आतून गंजतो. बाहेर रंग फुगेपर्यंत कळतही नाही. दांड्यांची उघडी तोंडंही ३ मिमीची ५० × ५० प्लेट लावून बंद केली.

इथे एक अडचण येते. दोन्ही बाजूंनी बंद झालेल्या तुकड्यात हवा तापून फुगते आणि शेवटच्या टाक्यातून फुंकर मारत बाहेर पडते. तिथे भोक राहतंच, कितीही वेळा भरलं तरी. उपाय सोपा आहे. प्रत्येक तुकड्याला आतल्या बाजूने ३ मिमीचं एक भोक आधीच पाडायचं आणि सगळं थंड झाल्यावर इपॉक्सी पुट्टीने बुजवायचं.

मागच्या बाजूला दोन्ही कप्प्यांत ४० × ५ ची तिरपी पट्टी लावली, एकमेकींच्या उलट दिशेने, म्हणजे स्टँड कुठल्याही बाजूला झुकू लागला तरी एक पट्टी ताणात राहते. टोकांच्या वरच्या चार कोपऱ्यांत १०० मिमीचे त्रिकोणी तुकडे. पायांखाली १०० × १०० × ६ ची प्लेट आणि तिच्याखाली १० मिमी एचडीपीईचा (टणक प्लास्टिकचा) तुकडा, म्हणजे लादी पुसताना लोखंड पाण्यात उभं राहत नाही.

वरची चौकट फ्लॅप डिस्कने घासून वेल्डचे उंचवटे काढले आणि पीळ तपासला. दोन दोरे कोपऱ्यातून कोपऱ्यात ताणायचे. ते मध्ये एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजेत. दोऱ्यांचा वर-खाली क्रम बदलून पुन्हा पाहायचं. फट दिसली की चौकटीला पीळ आहे. पीळ हा वाकापेक्षा वाईट, कारण टाकी तीन कोपऱ्यांवर बसते.

समुद्र दोन किलोमीटरवर असताना रंगात काटकसर परवडत नाही. घासलेलं उघडं लोखंड रातोरात तांबूस होतं, म्हणून घासणं आणि पहिला हात एकाच दिवशी. आधी थिनरने तेल पुसलं, मग वायर ब्रश आणि ८० नंबरचा पॉलिशपेपर. वर दोन घटकांचा इपॉक्सी झिंक फॉस्फेट प्रायमर दोन हात, त्यावर पीयू (पॉलियुरेथेन) रंग दोन हात. पृष्ठभाग सगळा मिळून तीन चौरस मीटर, एक लिटर प्रायमर दोन हातांना पुरला. साध्या रेड ऑक्साइडवर ऑइल पेंट मी घेणार नाही. संपच्या वाफेत तो टिकत नाही. हे काम मे संपायच्या आत उरकावं. पावसात हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असते, लोखंडावर न दिसणारा दमटपणा राहतो आणि रंग पापुद्र्याने सुटतो. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाईप घ्यावा असं पुष्कळजण सुचवतात, पण वेल्डच्या जागी जस्त आतून-बाहेरून जळतं, आतून पुन्हा लावता येत नाही, आणि त्या जस्ताचा धूर वेल्डरला ताप आणतो. रेलिंगला वापरतात ते २०२ ग्रेडचं स्टीलही किनाऱ्यावर डागाळतं.

संपचं माप स्टँडवरून ठरवावं. मधल्या पायामुळे समोरचे दोन गाळे ८४० मिमीचे होतात. तीन फुटी संप समोरून आत जातच नाही, बाजूने सरकवावा लागतो, आणि टाकी भिंतीच्या कोपऱ्यात असेल तर तोही मार्ग बंद. म्हणून संप ७५० × ३८० × ३८० घेतला. त्यात पाणी साठ टक्केच ठेवायचं. वीज गेली की वरच्या टाकीतून पाणी खाली उतरतं, दर सेंटीमीटरला जवळजवळ ११ लिटर. तीन सेंटीमीटर उतरलं तर ३३. संपमध्ये तेवढी जागा मोकळी नसेल तर ते खोलीत येणार, आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते हे सांगायला नको.

खाऱ्या पाण्याशेजारी लोखंडी सांगाडा म्हणजे अर्थिंग हवंच. मागच्या पायाला ८ मिमीचा बोल्ट वेल्ड करून तिथला रंग खरवडून हिरवी वायर जोडली, आणि लाईनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच. सॉकेट टाकीच्या खाली नाही, बाजूच्या भिंतीवर. प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोळ, म्हणजे ओघळ तिथेच टपकतो.

स्टँड जागेवर ठेवून पाणसळ लावली. डावा पुढचा कोपरा दोन मिमी खाली होता. पाचर नेहमी पायाखाली, टाकी आणि स्टँडच्या मध्ये कधीच नाही. मग प्रत्येक पायाखाली कागदाची पट्टी ओढून पाहिली. कागद सहज निघाला तर तो पाय जमिनीला टेकलेला नाही. आणि मधला पाय टेकला नसेल तर तो दिलाच नाही असं समजावं. त्यावर १९ मिमी मरीन प्लाय, कडा इपॉक्सीने बंद केलेला, वर १० मिमी ईव्हीए फोम, मग टाकी. फोम बारीक उंचवटे शोषून घेतो, पीळ नाही.

भरणं टप्प्याटप्प्याने. पाव टाकी भरून तासभर थांबलो, मग अर्धी भरून रात्रभर. समोरच्या दांडीच्या टोकांना २० मिमीचे ठोकळे ठेवून दोरा ताणला होता. पायांच्या मधोमध दोरा आणि दांडीतलं अंतर प्रत्येक टप्प्याला पोलादी पट्टीने मोजलं. पूर्ण भरल्यावरही फरक अर्ध्या मिमीच्या आत राहिला. पाण्याची पातळी काचेच्या वरच्या काठापासून चारी कोपऱ्यांत मोजली. तीन मिमीपेक्षा जास्त तफावत आली तर पाणी पावपर्यंत उतरवून मगच पाचर मारायची, भरलेल्या टाकीखाली कधीच नाही.

मचूळ पाण्याचे शिंतोडे सुकले की पांढरा थर उरतो. तो महिन्यातून एकदा गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसतो, विशेषतः खालच्या चौकटीच्या सांध्यांवरून. पावसाळ्यानंतर एका पायाच्या बुडाशी नखाएवढी तांबूस रेघ दिसली. तिथला रंग लोखंडापर्यंत घासला आणि त्याच दुपारी प्रायमर लावला.