कोजागिरी, सेव-उसळ आणि दुसऱ्याचं मनोगत

आमच्या मंडळाचा वार्षिक मेळावा कोजागिरीला असतो. तारीख पंचांगच ठरवतं, त्यामुळे तारखेवरून वाद होत नाहीत; ते वेळेवरून होतात. पत्रिकेत साडेसात छापतात आणि सरस्वतीपूजन सव्वाआठला होतं. मग स्वागतगीत, अहवाल, हिशेब, "सूचक-अनुमोदक" आणि टाळ्या. या सगळ्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मी बरीच वर्षं चिटणीस होते, अहवाल मीच वाचायचे, तरी हेच म्हणेन.

पाहुण्यांचं भाषण हमखास सयाजीरावमहाराजांवर. 1906 साली साऱ्या संस्थानात सक्तीचं केलेलं प्राथमिक शिक्षण, 1910 साली अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डनसाहेबांना बोलावून उभी केलेली ग्रंथालयं, खेडोपाडी जाणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या. सगळं खरं, आणि बडोदेकर म्हणून मला त्याचा अभिमान आहेच. पण मागच्या रांगेतली पोरं पाहुण्यांच्या आधीच "पेट्या" म्हणून मोकळी होतात, त्याला काय करणार?

खरा मेळावा त्यानंतर, मनोगतांपासून सुरू होतो. आमच्याकडे मनोगताला एकच नियम आहे: स्वतःचं सांगायचं नाही. वर्षभरात शेजारच्या माणसाने काय केलं, ते तीन मिनिटांत सांगायचं. पूर्वीचे एक अध्यक्ष स्वतःच्या कार्यावर तासतासभर बोलत, त्यांच्याच सौभाग्यवतींनी हा नियम कार्यकारिणीत मांडला आणि तो एकमताने पास झाला. अध्यक्षांनीही हात वर केला होता. मागे वळून बघायची त्यांची हिंमत नव्हती.

गोष्टी साध्याच असतात. एक मुलगा दर रविवारी ओट्यावर बसून निवृत्तांना फोनवरून बिल भरायला शिकवतो. दोन नंबरच्या वहिनी एकट्या राहणाऱ्या तीन घरांचं सकाळचं दूध उचललं गेलंय का, ते बघतात. पिशवी दाराशीच दिसली की बेल वाजवतात. असं कुणी सांगत असताना मी बोलणाऱ्याकडे बघतच नाही, ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय त्याच्याकडे बघते. तो चपलेचा अंगठा चाचपतो, उगाच खोकतो, शेजाऱ्याला काहीतरी विचारतो. माझा पदर डोळ्यांना लागतो तो तेव्हा. नातवंडं यावरून चिडवतात, चिडवू देत.

2024 ची कोजागिरी मात्र वेगळी होती. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री चढली. धोक्याची पातळी 25 फूट आणि पाणी 35 च्याही वर. पावागडकडून येणारी ही नदी एरवी पुलावरून बघितली तर नाल्यासारखी दिसते. पण वरचा पाऊस आणि आजव्याच्या तलावाचं पाणी एकदम आलं की ती शहरभर पसरते. 2019 लाही आम्ही ते बघितलं होतं. या वेळी आमच्या गल्लीत तळमजल्यांच्या खिडक्यांपर्यंत पाणी होतं, वीज नव्हती आणि मगरींची धास्ती. विश्वामित्रीत मगरी आहेत हे आम्हाला नवं नाही, पण त्या आपल्या गल्लीत निघतील की काय, ही भीती निराळीच. कॉलेजातली पोरं गच्चीवर पाळीपाळीने टॉर्च घेऊन उभी राहिली, पाण्यात उतरणाऱ्याला वरून ओरडून सांगायला.

त्या कोजागिरीला समोरच्या गुजराती बेन पहिल्यांदाच माइकसमोर आल्या. मराठी बोलतात त्या, आपल्या पद्धतीने. "भाऊ आले ने, पप्पांना उचलून वर नेलं. पछी म्हणे, बेन, दस्तऐवज क्यां छे? आणि पाछा पाण्यात!" सगळे हसले, त्याही हसल्या, आणि पुढचं त्यांना बोलता येईना. भाऊ म्हणजे आमचे रिक्षावाले. ते मागे उसळीच्या पातेल्याजवळ उभे होते, तिथून थेट बाहेरच गेले.

मग अकरा नंबरच्या सूनबाईंनी सांगितली ती इन्सुलिनची गोष्ट. फ्रिज बंद पडले आणि पाच घरांत इन्सुलिन घेणारी माणसं. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाईंनी मोठा माठ मागवला. कुंड्यांसाठी आणलेली रेती त्यात घालून ओली केली, तिच्यात छोटं मडकं बसवलं, वर ओलं फडकं. पाचही घरांची इन्सुलिनची पेनं घट्ट झाकणाच्या डब्यात घालून त्या मडक्यात ठेवली. प्रत्येकावर चिकटपट्टी लावून घर नंबर लिहिला, कारण सगळी पेनं दिसायला सारखीच. वीज येईपर्यंत रेती ओली ठेवायला त्या रात्रीतून उठत होत्या. नर्सबाई समोरच बसल्या होत्या. मनोगत संपल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "रेती कुणाची होती ते नाही सांगितलंत." रेती नऊ नंबरची होती.

त्याच नऊ नंबरच्या आजोबांनी मग सुचवलं, की महाराजांनी पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या, आपण जिन्याखाली एकेक पेटी ठेवू. दोरखंड, टॉर्च, मीठ-साखरेची पाकिटं, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या आणि तळमजल्यावर कोण कोण झोपतं त्याची यादी. यादी दर जूनला नवी करायची. पेट्या झाल्या, अजून आहेत. पाहुण्यांच्या भाषणातून काही निघालं, असं मी तरी तेवढ्या एकाच वेळी पाहिलं. त्या वर्षीच्या गणपतीचा रोषणाईचा पैसाही आधीच गाद्या आणि सतरंज्यांवर गेला होता. त्यावर कुरकुर झाली, पण ती फार टिकली नाही.

आता थोडं कडू. ज्यांच्या घरातला गाळ आमच्या पोरांनी दोन दिवस उपसला, त्यातली बरीच मंडळी मनोगतांना नव्हती. उसळीच्या वेळेला मात्र हजर. नव्या टॉवरमधून तर चारच माणसं आली, त्यातलं एक जोडपं पत्ता चुकून आलेलं. परगावी गेलेली मुलं ग्रुपवर टाळ्यांची चित्रं पाठवतात. गोड वाटतं, पण खुर्च्या त्याने भरत नाहीत. रागावून लिहीत नाही, नोंद म्हणून लिहिते आहे.

आभार राहिले. आमच्याकडे आभार नावाने मानत नाहीत, घर नंबराने मानतात. एका वर्षी एक नाव सुटलं आणि ते गृहस्थ पुढच्या दोन कोजागिऱ्यांना आले नाहीत, तेव्हापासून ही पद्धत. तर: मंडपाला दोन आणि सात नंबर. दूध आटवायला चार नंबरच्या जावा, दोघीही. एकीचंच नाव घेतलं तर काय होतं ते माहीत आहे. दूध-पौंआ समोरच्या बेनचे. सेव-उसळीची फोडणी तेरा नंबरची, कांदा चिरणारे मात्र तिघे वेगळे: पाच, सहा आणि मागच्या आउटहाउसमधला भाडेकरू. माइक वॉचमनच्या मुलाने लावला. सतरंज्या उचलणारे रिक्षावाले भाऊ, आणि कोण म्हणेल राहिले म्हणून आधीच सांगते, रांगोळी आठ नंबरच्या मुलीची, तिच्यावरून पाहुणे चालत गेले तरी ती काही बोलली नाही. जिन्याखालच्या पेट्यांना रंग दहा नंबरने स्वखर्चाने दिला. बारा नंबर आजारी होते, त्यांनी वर्गणी पाठवली.

यंदा येताना आपापला पेला आणावा. गेल्या कोजागिरीचे चौदा पेले अजून परत आलेले नाहीत, आणि ते कुणाकडे आहेत हे चार नंबरच्या दोघींनाही ठाऊक आहे.