टाच आणि फॉर्म १२

पडलो ते काही फार उंचावरून नाही, सात-साडेसात फूट असेल. ए३२० विमानाच्या फ्लॅपचं, म्हणजे पंखाच्या मागच्या हलत्या भागाचं काम चालू होतं. ज्यावर उभं राहून काम करतो तो स्टँड विमानाला भिडावा म्हणून एका बाजूचं रेलिंग काढलेलं, ते परत लावायचं राहून गेलं. फळीवर स्कायड्रॉल सांडलेलं. हे जांभळट हायड्रॉलिक तेल ज्यांनी हाताळलंय त्यांना त्याचा निसरडेपणा सांगायला नको. एक पाऊल मागे टाकलं तर खाली फळीच नाही. उजव्या टाचेचं हाड फुटलं. हार्नेस? कपाटात होता. एवढ्याशा उंचीला कोण घालतं!

गाडीत बसवताना साहेब कानाशी वाकून म्हणाले, "डॉक्टरांना सांग, घरी जिन्यावरून घसरलो. पगाराचं मी बघतो." कळा अशा येत होत्या की मी कशालाही हो म्हटलं असतं. पण सोबत जुने टेक्निशियन दादा होते. ते म्हणाले, "गप बस. केसपेपरवर पहिल्यांदा जे लिहितील तेच शेवटपर्यंत चालतं." मग लिहिलं गेलं: कामावर, स्टँडवरून पडून, दुपारी ३.४०. संध्याकाळी दादांनी अपघात वहीत माझ्या वतीने नोंद केली आणि त्या पानाचा फोटो मला पाठवला.

मी कंत्राटी, पगार १९ हजार, म्हणजे ईएसआयच्या (सरकारी कामगार विमा योजनेच्या) २१ हजारांच्या मर्यादेत. घरी पडलो असं लिहिलं असतं तर ते आजारपण ठरलं असतं. त्याला ७० टक्के मिळतात, तेही आधी पुरेसे हप्ते भरलेले असतील तर. मला लागून चारच महिने झालेले, म्हणजे हातात शून्य. कामावरच्या इजेला मात्र नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हक्क आणि सरासरी रोजाच्या ९० टक्के.

अडलं ते फॉर्म १२वर. अपघाताचा हा अहवाल कंपनीने पाठवायचा असतो. तीन आठवडे "मॅडम सुट्टीवर आहेत" एवढंच ऐकलं. शेवटी वहीचा फोटो आणि केसपेपरची झेरॉक्स जोडून अर्ज दिला, पोच घेतली. दोन दिवसांत फॉर्म गेला! तोवर कुबड्यांवर दवाखान्यात जाऊन सर्टिफिकेटं घेत राहिलो. एकाही दिवसाचा खाडा पडू दिला नाही. पैसे थेट खात्यात आले.

आता मेडिकल बोर्ड आहे, कायमचं अपंगत्व किती टक्के ते ठरवायला. उतारावर टाच अजून ठणकते. दादांचा निरोप आलाय: बूट घालून जाऊ नकोस, अनवाणी चालून दाखव.