वे-बिल

"शंभरातून सात वजा करा, उरतील त्यातून पुन्हा सात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. 93, 86, 79, 72, 65... मी धडाधड सांगत गेलो. 31 वर्षं एसटीत कंडक्टर होतो. लातूरहून अंबाजोगाईला निघालेल्या भरल्या गाडीत रेणापूरच्या आत सगळ्यांची तिकिटं फाडून सुटे परत करणारा माणूस मी. मनात म्हटलं, चला, आपल्याला काही झालेलं नाही. मग त्यांनी थोड्या वेळापूर्वी सांगितलेले पाच शब्द विचारले. एकच आठवला. पोराकडं बघितलं, तर तो खिडकीबाहेर बघत होता.

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची होती. आकडे नीट मांडले, पण मोठा काटा दहाच्या आकड्यावर नेऊन ठेवला. 30 पैकी 21 गुण पडले. त्यातला एक शिक्षण दहावीपर्यंतच म्हणून वाढवून दिलेला. 26 च्या खाली आलं की पुढं तपासतात म्हणे. रक्त तपासलं, थायरॉईड ठीक, बी-12 कमी. त्याची इंजेक्शनं सुरू झाली.

"हा स्मृतिभ्रंश नाही, त्याच्या अलीकडची पायरी आहे. काहींचं पुढं वाढतं, काहींचं आहे तिथंच राहतं, काहींचं सुधारतंही," बाई म्हणाल्या. हमखास गोळी नाही, हेही सांगितलं. रोज चालायचं, बीपी-साखर सांभाळायची, कान तपासायचे, आणि माणसांत बसायचं.

शेवटचंच अवघड होतं. त्याआधी चार महिने मी चहाच्या टपरीवर जाणं सोडलं होतं. एकदा तिथं सख्ख्या साडूचं नाव जिभेवर येईना. विसरण्याचं दुःख एवढं नव्हतं, ते झाकण्याची दमछाक जास्त होती.

बायकोनं दोनशे पानी वही आणली तेव्हा मी चिडलो. ती म्हणाली, "नोकरीत काय डोक्यात हिशोब ठेवत होता का? वे-बिल कशाला होतं मग?" गप्प बसलो. खरंच की. त्या हिशोबाच्या कागदावर टप्प्याटप्प्याला तिकिटांचे नंबर लिहायचे, डेपोत पैसे जुळवायचे. लिहायचं राहिलं, तर हिशोब 'शॉर्ट', भरपाई खिशातून. तिथं मला कुणी विसरभोळा म्हटलं नव्हतं.

आता वहीत रकाने आखलेत: वेळ, काम, पैसे, भेटलेला माणूस. गोळी घेतली की बरोबरची खूण. टपरीवर गेलो आणि सरळ सांगून टाकलं, माझं असं असं झालंय, नाव विसरलो तर सांगत जा. एक मित्र म्हणाला, "आम्हाला तरी कुठं ध्यानात राहू लालंय, बापू!" आणि पत्ते पिसायला माझ्याच हातात दिले.

वर्षानं पुन्हा चाचणी झाली. 22. डॉक्टर खूश, मी अर्धाच. चिडचिड अजून होते, विशेषतः संध्याकाळी.

रात्री बायको वही तपासते. काल म्हणाली, "चहाचे दहा रुपये लिहिले नाहीत."

"शॉर्ट," मी म्हटलं, आणि खिशातून दहाची नोट काढून तिच्या हातावर ठेवली.