पुस्तक न घेता डी अँड डी: फुकटच्या नियमांपासून मराठी शीटपर्यंत

डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, हा टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन फाशांवर खेळायचा साहसकथेचा खेळ. आमच्या वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात तो दुकानात मिळत नाही, आणि बाहेरून मागवलेलं जाडजूड पुस्तक खिशाला झेपत नाही. म्हणून मी पुस्तकाच्या नादी न लागता प्रकाशक जे फुकट देतात त्यावरच खेळाचं टेबल उभं केलं. सहा जणांना ते पुरतं, पण कोणती फाइल कशासाठी हे आधी कळायला हवं.

डंजन्स अँड ड्रॅगन्सचे मूळ नियम ‘एसआरडी’ (सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट) या नावाच्या पीडीएफमध्ये मिळतात. ५.१ ही आवृत्ती जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे श्रेय देऊन कुणीही वापरावी अशी, खुली झाली, ५.२ एप्रिल २०२५ मध्ये. घोळ इथेच होतो. एकाच्या मोबाइलमध्ये जुनी फाइल, दुसऱ्याच्यात नवी. ‘क्युअर वूंड्स’ हा जखम भरायचा मंत्र जुन्यात एक आठ-बाजूचा फासा देतो, नव्यात दोन. मग ऐन लढाईत ‘याले दोन काहून अन् मले एकच?’ म्हणून भांडण. पहिल्याच दिवशी एक फाइल ठरवून ग्रुपवर टाकावी आणि बाकीच्या डिलीट करायला लावाव्यात.

पाथफाइंडर हा असाच दुसरा खेळ; तो काढणाऱ्या पायझो या प्रकाशकाची सोय मला जास्त आवडते. त्यांचे नियम ‘आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस’ या संकेतस्थळावर अधिकृत परवानगीने मोफत आहेत, तेही साध्या मजकुराच्या पानांत. वावरात नेटवर्कची एकच दांडी असली तरी पान उघडतं. चित्रांनी जड झालेली पीडीएफ तिथे फिरतच बसते. फक्त २०२३ च्या ‘रीमास्टर’नंतरचा, म्हणजे सुधारून काढलेल्या नियमावलीतला, नियम पाहताय की आधीचा, हे पानावर बघून घ्या.

छापताना कागद सांभाळा. अमेरिकन फाइल ‘लेटर’ मापाची असते, साडेआठ इंच रुंद. आपला ए-४ सव्वाआठच्या आसपास. झेरॉक्सवाल्याने आहे तशी छापली तर कडेच्या रकान्यांतले आकडे कापले जातात, म्हणून कॅरेक्टर शीटला, म्हणजे पात्राचे आकडे लिहायच्या कागदाला, ‘फिट टू पेज’ सांगायचं. नकाशाला मात्र उलट: ‘ॲक्चुअल साइझ’. एक इंचाचा चौकोन म्हणजे खेळातले पाच फूट. ‘फिट’ केलं की चौकोन आक्रसतो. पूर्ण इंच असला तर पाच रुपयांचं जुनं नाणं, २३ मिलिमीटरचं, पात्र म्हणून त्यात मोकळं बसतं, आणि पात्रांच्या छोट्या मूर्त्यांचा खर्च वाचतो. मोठा नकाशा दोन पानांवर घेऊन मागून सेलोटेप लावावा. रंगीत पार्श्वभूमीची पानं काळ्या-पांढऱ्यात काळीकुट्ट येतात; ‘प्रिंटर फ्रेंडली’ फाइल असेल तर तीच घ्या.

फाशांना पर्याय आहेत. वीस-बाजूच्या फाशाऐवजी हाऊजीच्या संचातल्या १ ते २० च्या सोंगट्या पिशवीत टाकायच्या. काढलेली सोंगटी परत टाकून पिशवी हलवणं बंधनकारक, नाहीतर एकदा निघालेला २० पुन्हा येणारच नाही. चार-बाजूच्या फाशासाठी लुडोचा फासा, ५ किंवा ६ पडला तर पुन्हा टाका. आठसाठी तेच करून नाणं उडवा, छापा आला तर चार मिळवा. बारासाठी लुडोचा एक फासा आणि नाणं, छापा आला तर सहा मिळवा. लुडोचे दोन फासे टाकून बेरीज करू नका: त्यात एक कधीच येत नाही आणि सात सगळ्यांत जास्त वेळा पडतो. मोठ्या कुऱ्हाडीच्या वाराचं नुकसान मोजताना हे जाणवतं.

दिवाळीनंतर कापूस वेचणी लागली की नेहमीचे दोघे-तिघे गळतात आणि नवे येऊन बसतात. त्यांच्यासाठी प्रकाशकांच्या तयार पात्रांच्या शीट छापून ठेवाव्यात. नव्या माणसाचं पात्र टेबलावर घडवत बसलं की निम्मी रात्र तिथेच जाते.

पुढे पुस्तक घेतलंच तर दुरुस्त्यांची यादी, म्हणजे ‘एराटा’, प्रकाशकाच्या साइटवरून उतरवून पेन्सिलीने समासात लिहा. नव्या छपाईत त्या आत गेलेल्या असतात, जुन्या प्रतीत नाहीत. मला एका प्रतीत सोळा पानं दुबार आणि पुढची सोळा गायब मिळाली. बांधणीत एकच फर्मा, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांचा गठ्ठा, दोनदा गेला की असं होतं. ‘पुस्तक खराब आहे’ एवढ्याने काम होत नाही. खरेदीची पावती, छपाईची माहिती असलेल्या पानाचा फोटो, गायब पानांचे क्रमांक आणि पिनकोडसकट पूर्ण पत्ता प्रकाशकाच्या ग्राहकसेवेला पहिल्याच मेलमध्ये द्या, नाहीतर एकेका प्रश्नासाठी मेल फिरत राहतो. नियमांच्या शंका मात्र ग्राहकसेवेला विचारू नका. त्यासाठी प्रश्नोत्तरांचं वेगळं संकलन असतं.

इंग्रजी शीटपाशी पोरं अडखळतात, म्हणून मी ती मराठीत केली. एसआरडीचा परवाना त्यातल्या मजकुराच्या भाषांतराला मोकळीक देतो. वाटताना मूळ कर्त्याचं नाव, परवान्याचा दुवा आणि आपण बदल केल्याची नोंद खाली छापावी लागते. श्रेयाचा मजकूर फाइलच्या सुरुवातीलाच तयार मिळतो. डी अँड डीचा लोगो या परवान्यात येत नाही, त्यामुळे तो वर चिकटवू नका. ‘फिफ्थ एडिशनशी (पाचव्या आवृत्तीशी) सुसंगत’ एवढं लिहायला हरकत नाही.